नऊ नंबरच्या बॉलवर तीस हजार

टेबलाशेजारून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी धुळ्याचा, वय २७. वडिलांसोबत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. सहा वर्षांपासून पूल (टेबलावर क्यूने, म्हणजे काठीने, बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळतोय, दुकान बंद केलं की रोज दोन तास. आमच्या पार्लरमध्ये नाइन-बॉलला (सर्वांत लहान नंबरच्या बॉलला आधी मारायचं, नऊ नंबर घालेल त्याचा डाव) मला हरवणारे दोघं-तिघंच आहेत. पण मोठी रक्कम लागली की माझं काहीतरी होतं. शंभर-दोनशेला काही वाटत नाही. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) रात्री नवापूरकडच्या एका पार्टीसोबत सातपर्यंतची मॅच लागली (आधी सात डाव जिंकेल त्याची), तीस हजारांची. सहा-सहा झालं. शेवटच्या रॅकला, म्हणजे डावाला, टेबलावर फक्त नऊ नंबर राहिला, कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर, आणि व्हाइट (ज्याला क्यूने मारतात तो पांढरा बॉल) जवळपास सरळ रेषेत. रोज पन्नास वेळा मारतो असा शॉट. बॉल पॉकेटच्या तोंडाला लागून बाहेर आला. मारताना हात माझा नव्हताच, असं वाटलं. आता तीच पार्टी दिवाळीनंतर परत बोलावतेय, एक लाखाला. एका मित्राने गोळी सुचवलीय, खाल्ली की हात दगडासारखा राहतो म्हणतो. घरी यातलं काही माहीत नाही. घाबरणं बंद कसं करायचं, तेवढं सांगा. (नाव छापू नये)

उत्तर : भाऊ, घाबरणं बंद करायचा उपाय माझ्याकडे नाही. जळगावात माझी तीन टेबलं आहेत, त्याआधी भुसावळला एका क्लबात मी मार्कर होतो, म्हणजे टेबलाशेजारी गुण मोजणारा. एवढ्या वर्षांत पैशाच्या मॅचला न घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही. ज्याचा हात शांत दिसतो त्याच्या मानेची शीर बघा, ती उडत असते. भीती येणारच. पण तुमचा नऊ नंबर भीतीने गेला असं मला वाटत नाही. तो घाईने गेला, आणि घाईवर इलाज आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. बॉल किती लांब होता, व्हाइट कुठे होता, हे तुम्ही बारकाईने लिहिलंय. पण वाकण्याआधी चॉक लावला का, क्यू किती वेळा मागेपुढे केला, श्वास आत होता की बाहेर, यातलं एक अक्षर पत्रात नाही. ते तुम्हाला आठवत नसणार, कारण त्या शॉटला तुम्ही ते केलंच नसणार.

केळीच्या बागेत अचानक बिबट्या समोर आला तर अंगाचं जे होतं, तेच मोठी रक्कम लागली की होतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, रक्त मांड्या-दंडांकडे धावतं आणि बोटांची नाजूक कामं बिघडतात. पळायला किंवा कुऱ्हाड उचलायला ही तयारी उत्तम आहे. क्यूच्या कामाची नाही. मागच्या हाताची मूठ आवळली जाते. एरवी अंगठा आणि दोन बोटांत झुलणारा क्यू चारही बोटांत गच्च सापडतो, मनगट अडकतं, आणि शेवटच्या दोन इंचांत क्यूचं टोक बाजूला सरकतं. त्यात बॉल गेला का हे बघायची उतावीळ. शॉट पूर्ण व्हायच्या आधी खांदा उठतो आणि खांद्याबरोबर क्यूही उठतो. तुम्हाला हात परका वाटला तो इथे.

आता तुमच्या दुकानात या. स्टेटरच्या (मोटारीच्या स्थिर भागाच्या) खाचांमध्ये तार भरताना तुम्ही वेढे मोजता. मधेच गिऱ्हाईक आलं आणि मोजणी चुकली, तर काय करता? अंदाजाने पुढे भरत नाही. ती कॉइल सोडता आणि पहिल्यापासून मोजता, कारण वेढे कमी-जास्त झालेली मोटार गरम होऊन परत तुमच्याच दारात येणार. त्या रात्री टेबलावर तुमची मोजणी चुकली होती आणि तुम्ही अंदाजाने पुढे भरलंत. उठायला हवं होतं. वाकलेल्या अवस्थेत एक शंका जरी आली तरी सरळ उभं राहायचं, चॉक उचलायचा, पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यात कसलाही कमीपणा नाही, आणि समोरची पार्टी कितीही सुस्कारे टाको, मित्रामित्रांच्या मॅचमध्ये घड्याळ लावलेलं नसतं.

मला हे ज्यांनी शिकवलं ते आमच्या क्लबातले जुने मार्कर, साक्री तालुक्यातले. माझं वाकणं घाईचं दिसलं की अहिराणीत म्हणायचे, "कसाले घाई करस रे? बॉल काय पयी जास का?" नुसतं बोलून थांबायचे नाहीत. मी शॉटला वाकलो की लांबच्या शॉटसाठी असते ती लाकडी रेस्ट माझ्या डोक्याच्या वर चार बोटांवर आडवी धरून उभे राहायचे. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येण्याआधी डोकं उचललं तर टाळूला लाकूड लागायचं. पंधरा दिवसांत माझी मान जागेवर राहायला शिकली. तुम्ही हे एखाद्या मित्राकडून करून घ्या. रेस्ट नसेल तर पुठ्ठ्याची नळी चालेल.

त्यांचा क्रम मी आजही बदललेला नाही. शॉटच्या मागे उभं राहून ठरवायचं, बॉल कुठे आणि त्यानंतर व्हाइट कुठे. चॉक लावून तो कुशनवर (टेबलाच्या कडेवर) दरवेळी आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. डावा तळवा पँटला पुसायचा. श्वास सोडायचा, पूर्ण. मग वाकायचं. क्यू तीन वेळा मागेपुढे, चौथ्यांदा व्हाइटजवळ थांबायचं. या थांबण्यात नजर बॉलच्या ज्या ठिकाणी लावायची तिथे टेकते, आणि ती टेकल्याशिवाय क्यू मागे घ्यायचा नाही. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेवर पुष्कळ काम केलंय. कसलेल्या खेळाडूची ही शेवटची नजर नवख्यापेक्षा जास्त वेळ स्थिर असते, असं त्यात दिसलं. आमच्या मार्करांनी ते 'डोळा बसू दे' एवढ्यात सांगितलं होतं. तुम्ही तीनऐवजी पाच वेळा क्यू हलवा, चॉक डाव्या हाताला ठेवा, तुमची मर्जी. मात्र दहा रुपयांच्या रॅकला जे कराल तेच लाखाच्या रॅकला झालं पाहिजे. मन पैशाकडे पळालं तरी हाताला आपला पुढचा वेढा माहीत असतो.

खुर्चीत बसण्याबद्दल कोणी बोलत नाही, पण निम्मी मॅच खुर्चीत जाते. समोरचा खेळत असताना पाय जमिनीला टेकलेले ठेवा, पाण्याचे दोन घोट घ्या, रुमालाने बोटं पुसा. मोबाइल खिशातून काढूच नका. आणि जिंकल्यावर पैशाचं काय करायचं याचा हिशोब मनात सुरू झाला, की बॉलचे नंबर मोजायला लागा.

सरावाचंही जरा बदला. रोज दोन तास मित्रांशी हसत-खेळत खेळलात तर हसत-खेळत खेळायचीच सवय होते. आठवड्यातून दोन रात्री एकट्याने खेळा. ब्रेक मारा (रचलेले बॉल फोडायचा पहिला शॉट), मग व्हाइट हातात घेऊन हवी तिथे ठेवा आणि एक ते नऊ क्रमाने साफ करा. एक जरी चुकला तरी रॅक समोरच्याचा, म्हणजे नसलेल्या खेळाडूचा. सातपर्यंत खेळा. हरलात की शंभर रुपये पार्लरच्या पोऱ्याच्या डब्यात टाका आणि टेबल स्वतः झाडा. हा समोरचा कधीच चुकत नाही, त्यामुळे पाच-सहापर्यंत पोचलात की छाती तशीच धडधडेल. ती धडधड घेऊन तीन वेळा क्यू हलवायची सवय लागली पाहिजे.

चुकलेल्या शॉटची लाज मनातून काढा. १९८५ च्या स्नूकर जागतिक अजिंक्यपदाची फायनल जास्तीत जास्त ३५ फ्रेमची (डावांची) होती, आधी १८ जिंकेल त्याची. स्टीव्ह डेव्हिस तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, सुरुवातीलाच ८-० ने पुढे. तरी मॅच १७-१७ वर आली, शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर आली, आणि त्याच्यासमोर तो काळा कटवर, म्हणजे कडेला तिरका मारावा लागेल असा, उभा होता. डेव्हिसने जरा जास्तच पातळ कापला. डेनिस टेलरने तो घातला आणि १८-१७ ने जिंकला. मॅचभर तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्याच बॉलवर. डेव्हिस त्यानंतर आणखी तीन वेळा जगज्जेता झाला.

खेळाचं इथवर. आता पैशाचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

१९९४ च्या फेब्रुवारीत आमच्या विहिरीवरची मोटार जळाली. वडिलांनी मला आठ हजार रुपये देऊन चोपड्याहून जळगावला पाठवलं, मोटार भरून आणायला आणि नवी केबल घ्यायला. मी चोवीस वर्षांचा, हातात खेळ आलेला. वाट वाकडी करून भुसावळला क्लबात गेलो आणि स्नूकरच्या तीन फ्रेमवर ती रक्कम लावली. शंभराच्या ऐंशी नोटा, रबर लावलेल्या, शर्टाच्या खिशात. शॉटला वाकलो की ती गड्डी छातीला टोचायची. तिसऱ्या फ्रेमला मधल्या पॉकेटवर गुलाबी बॉल होता. वाकलो, गड्डी टोचली, आणि मी तो शॉट कसा मारला हे मला आजही आठवत नाही. फेब्रुवारी-मार्चला केळीला पाणी चुकलं की काय होतं हे आपल्याकडे सांगायला नको. सतरा दिवस मोटार बंद होती. घड भरले नाहीत, व्यापाऱ्याने भाव पाडला. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. पाण्यासाठी शेजारच्या शेतकऱ्यासमोर त्यांनी हात जोडले, ते मी बांधावरून पाहिलं.

माझा तो हात खेळाला घाबरून थरथरला नव्हता. तसला गुलाबी मी रोज घालायचो. पैसे माझे नाहीत, हे हाताला माहीत होतं. तुम्ही लिहिलंय की शंभर-दोनशेला काही होत नाही आणि घरी काही माहीत नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. ते तीस हजार कुठून आले होते? एक लाख कुठून येणार? पाच हॉर्सपॉवरची एक मोटार भरून तुम्हाला सुटतात किती, हे तुम्हाला माहीत आहे. लाखाला किती मोटारी, ते कागदावर मांडा. हरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना सांगता येईल, तेवढीच रक्कम लावा. त्या रकमेला हात फार थरथरत नाही, करून बघा.

ही लाखाची मॅच खेळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. समोरच्या पार्टीचा खेळही जरा आठवून बघा. पैशावर जगणारा खेळाडू गरजेपुरताच खेळतो. तो तुम्हाला सहापर्यंत येऊ देतो, म्हणजे तुम्हाला वाटावं की अगदी थोडक्यात हुकलं. मग रक्कम तिप्पट करून परत बोलावतो. यानेही तसंच केलं असेल असं मी म्हणत नाही, पण रक्कम वाढवायची घाई त्याला का आहे, हे स्वतःला विचारा. आपल्याकडे आखाजीला पत्ते, डाव चालतात, घरची माणसंही त्या दिवशी डोळेझाक करतात. पण आखाजीचा डाव आखाजीला मिटतो. दिवाळीपर्यंत चालवलेली ती आखाजी नाही.

आणि कधी खेळलातच, तर मोठी रक्कम लहान मॅचवर लावू नका. १९९६ मध्ये हाँगकाँगला फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड एक लाख डॉलरसाठी खेळले, सगळी रक्कम जिंकणाऱ्याची. ती मॅच सातपर्यंत नव्हती, १२० रॅकपर्यंत होती आणि तीन दिवस चालली. रेयेस मधे बराच मागे पडला होता, शेवटी १२०-११७ ने जिंकला. इतक्या लांब मॅचमध्ये एका चुकलेल्या बॉलला फारसं मोल उरत नाही, खरा खेळ वर येतो. सातच्या मॅचमध्ये ब्रेकला एक नऊ नंबर चुकून पडला तरी पारडं फिरतं. रक्कम मॅचच्या आधी ठरवा, मधे दुप्पट करायला नाही म्हणा, आणि उधारीवर एक रॅकही नको. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, जिंकलेली रक्कम कोर्टात मागता येत नाही. म्हणजे उधारी वसूल करायला जे येतात ते कोर्टाचे बेलीफ नसतात. ते कसे असतात हे मी माझ्या पार्लरच्या जिन्यात पाहिलंय, आणि त्या दिवसापासून माझ्याकडे पैशाची मॅच बंद आहे.

गोळीबद्दल. मित्र सांगतोय ती बहुधा बीटा-ब्लॉकर, प्रोप्रॅनोलॉलसारखी. ती हृदयाची, रक्तदाबाची गोळी आहे. ठोके आणि थरथर ती खरंच कमी करते, म्हणूनच बिलियर्ड्स, स्नूकर, पूल या सगळ्या खेळांच्या स्पर्धांत तिच्यावर डोपिंगविरोधी बंदी आहे. दम्याच्या माणसाला ती जिवावर बेतू शकते, काहींची नाडी फार मंद होते. डॉक्टरने तपासून दिल्याशिवाय तिला हात लावू नका. हिंमतीसाठी मारलेल्या पेगचंही तेच. थरथर थांबल्यासारखी वाटते आणि डोळा बसत नाही.

वडिलांशी बोला, दिवाळीच्या आधी. मग मला परत लिहा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कॉलेजला आहे, दिवसभर पूल पार्लरमध्ये असतो. दोनदा हरलेले पैसे मी माझ्या शिवणकामाच्या कमाईतून भरले. आता तिसऱ्यांदा मागतोय, आणि या वेळी त्याने मोबाइलही गहाण टाकलाय. त्याला हा खेळच सोडायला लावू का? (एक बहीण, शहादा)

उत्तर : ताई, तिसऱ्यांदा देऊ नका. तुमचा जीव तुटेल, तरी नका देऊ. तुम्ही दोनदा भरलेत म्हणून तिसरी मॅच लागली. खेळ सोड म्हणालात तर तो चोरून खेळेल. त्याऐवजी त्याच्यासमोर एक रेघ ओढा : स्पर्धा खेळ, पैशाची मॅच नको. स्पर्धेत प्रवेश फी भरली की तोटा तिथेच संपतो, नावही होतं, आणि खरंच हात असेल तर दोन-तीन स्पर्धांत कळून येतं. पार्लरच्या मालकाला स्वतः जाऊन भेटा आणि याला उधारीवर टेबल देऊ नका, असं चारचौघांत सांगा. मालक चांगला असेल तर ऐकतो.

मोबाइल गहाण टाकण्यापर्यंत गेलाय, म्हणजे नुसत्या समजावण्याने भागेल असं मला वाटत नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोला, त्याला घेऊन काय करायचं ते तेच सांगतील. माझ्याकडे अशी तीन पोरं होती. दोघं वेळेत बोलले आणि सुटले. तिसऱ्याच्या आईने शेवटपर्यंत पैसे भरले.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या पार्लरचा कूलर पुरत नाही. घामाने क्यू ब्रिजवर (क्यू टेकवतो त्या पुढच्या हातावर) अडकतो, आणि टेन्शनच्या मॅचला जास्तच. पावडर लावू का? (भुसावळ)

उत्तर : चिमूटभर, आणि फक्त अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. मूठभर लावली की कापडावर पांढरे पंजे उठतात आणि बॉल त्यावरून वेडावाकडा जातो. त्यापेक्षा तीन बोटांचा हातमोजा घ्या, भुसावळच्या उन्हाळ्याला तोच खरा. दर दोन-तीन रॅकनंतर हात साध्या पाण्याने धुवा. क्यूचा पुढचा भाग ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्याने घासा. काही पोरं काचपेपर मारतात, ते करू नका. दरवेळी लाकूड थोडं झिजतं आणि वर्षाभरात क्यू टोकाला बारीक होतो.